वर्कशॉपच्या बाकावरून: कॅम झिजला, पण कुणामुळे?

या खेपेच्या टपालात कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, थोडक्यात कॅम) आणि तो ज्यांत फिरतो त्या बुशांचीच पत्रं जास्त आली, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आहेत. पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी दिसली. कॅम बाद झाला की मंडळी लगेच नवीन मागवतात, पण जुन्याची वाट कशानं लागली हे कुणी विचारत नाही. मग नवाही काही दिवसांत त्याच वाटेनं जातो. माझी उत्तरं काही ठिकाणी प्रश्नापेक्षा फार लांबली आहेत, ती त्यामुळे.

प्रश्न: माझ्या ट्रॅक्टरच्या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचं पूर्ण काम करून घेतलं. क्रँक (पिस्टननं फिरणारा मुख्य दांडा) ग्राइंड करून अंडरसाईज बेअरिंग टाकली, ऑईल पंपही नवा. इंजिन थंड असताना ऑईलचं प्रेशर छान असतं, पण तासभर नांगर ओढून आलो की आयडलला दिवा मिणमिणतो. मिस्त्री म्हणतात सेंडर (दिव्याला प्रेशर कळवणारा स्विच) बदला. कॅमशाफ्ट बाहेर काढलाच नव्हता. ‘त्याला काही होत नसतं’ म्हणाले. — एक ट्रॅक्टरवाले

उत्तर: सेंडर बदलण्याआधी तो काढा आणि त्याच भोकात साधं मेकॅनिकल गेज लावा. दिवा फक्त लागतो किंवा विझतो, प्रेशर नेमकं किती आहे ते त्याला सांगता येत नाही. इंजिन पुरतं गरम करून आयडलला आणि कामाच्या वेगाला गेज काय दाखवतं ते लिहून ठेवा आणि मॅन्युअलशी ताडून बघा. गेजही खाली येत असेल तर सेंडर बिचारा निर्दोष.

‘कॅमला काही होत नसतं’ हे वाक्य मी उमेदवारीपासून ऐकत आलोय. त्यात तथ्य आहे ते इतकंच, की चार स्ट्रोक इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, पिस्टनचा दणका त्याच्यावर येत नाही आणि म्हणून त्याचे बुश मेन बेअरिंगपेक्षा जास्त टिकतात. पण दोन-तीन वेळा क्रँक ग्राइंड होईपर्यंत तेच बुश आत असतील, तर तेही म्हातारे झालेच की.

आता प्रेशर का पडतं ते बघा. बहुतेक अशा इंजिनांत ब्लॉकमधल्या एका मुख्य ऑईलवाटेतून (गॅलरीतून) मेन बेअरिंगला ऑईल जातं आणि तिथूनच आडव्या भोकांनी कॅमच्या बुशांना. जर्नल (शाफ्टचा बुशात फिरणारा भाग) आणि बुश यांच्यातली फट वाढली की ऑईल तिथूनच सांडायला लागतं. पाट मध्येच फुटला की शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही, तसाच प्रकार. आणि ही गळती फटीच्या हिशोबात सरळ वाढत नाही, घनाच्या हिशोबात वाढते. क्लिअरन्स दुप्पट झाला तर, प्रेशर आणि ऑईलचा दाटपणा तोच धरला तरी, गळती आठपट होते. थंड ऑईल दाट असल्यामुळे सकाळी हे दुखणं झाकलं जातं. ऑईल तापून पातळ झालं आणि आयडलला पंपही हळू फिरायला लागला, की उघडं पडतं. तुमचं वर्णन यात चपखल बसतं.

तरी इंजिन उलगडायच्या आधी दोन स्वस्त संशयित तपासा. पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडणारा) कचऱ्यानं किंचित उघडा अडकला असेल. किंवा ब्लॉक धुताना गॅलरीचे प्लग काढले होते आणि टायमिंग कव्हरमागचा एखादा परत बसवायचाच राहिला असेल. दुसरी गोष्ट चांगल्या चांगल्या वर्कशॉपमध्ये होते.

ते ठीक असेल तर सम्प (इंजिनाखालचं ऑईलचं पातेलं) उतरवा. ऑईल भरलेली प्रेशर टाकी मिळाली तर ती सेंडरच्या भोकाला जोडा, हवेच्या दाबानं गॅलरीत ऑईल सोडा आणि खाली दिवा धरून बघत बसा. क्रँक हातानं थोडा थोडा फिरवत राहा, कारण जर्नलचं भोक समोर आलं की एखाद्या ठिकाणी गळती तेवढ्यापुरती जास्त दिसते. चांगल्या बेअरिंगच्या कडेनं ऑईल थेंबाथेंबानं पडतं. गेलेल्या बुशातून धार लागते, आणि कॅमवरून ओघळ आलेला सरळ डोळ्यांना दिसतो. मागच्या बाजूला गळती जास्त असेल तर शेवटच्या बुशावर संशय धरा. तिथं हात पोचत नाही म्हणून तो बदलायचा टाळला जातो.

धार दिसली की कॅम बाहेर काढावाच लागेल. काढण्याआधी एक बघा: तुमच्या इंजिनात टॅपेटचं (कॅमवर टेकून वरखाली होणाऱ्या तुकड्याचं) खालचं तोंड अळंब्यासारखं पसरट असेल, तर ते वरून निघत नाहीत. इंजिन स्टँडवर उलटं करायचं म्हणजे टॅपेट कॅमपासून लांब पडतात आणि शाफ्ट मोकळा सरकतो. कॅमच्या तोंडावर एक लांब बोल्ट लावून घ्या, धरायला बरं पडतं. लोबच्या, म्हणजे कॅमवरच्या उंचवट्यांच्या, कडा धारदार असतात. शाफ्ट वाकडा ओढला तर त्या बुशाचा मऊ धातू तासत येतात आणि मापं घ्यायला बुशच उरत नाही.

मापं अशी घ्या. जर्नल मायक्रोमीटरनं दोन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी काटकोनात दोनदा. बुश आतून टेलिस्कोपिक गेजनं किंवा बोअर गेजनं, उभा आणि आडवा. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला सतत खाली दाबत असतात, म्हणून बुश खालच्या बाजूनं जास्त खाल्लेला असतो. चेनचं इंजिन असेल तर पुढचा बुश चेन ओढते त्या बाजूनंही झिजतो. नुसतं आडवं माप घेतलं तर बुश नव्यासारखा वाटेल. समजा जर्नल ४९.९२ मिलिमीटर आलं, बुश आडवा ५०.०२ आणि उभा ५०.०८. म्हणजे आडवा क्लिअरन्स ०.१०, उभा ०.१६, आणि बुश ०.०६ नं अंडाकृती. बऱ्याच इंजिनांत नव्या जोडीचा क्लिअरन्स ०.०५ ते ०.१० च्या आसपास असतो, पण निकाल तुमच्या मॅन्युअलच्या आकड्यावरच करा.

डोळ्यांनीही बरंच कळतं. चांगला बुश एकसारखा मंद करडा दिसतो. पांढरा धातू घासून गेला असेल तर खाली तांबूस किंवा स्टीलचा रंग डोकावतो. फिल्टर कापून त्यातला कचरा कागदावर पसरा आणि कागदाखालून लोहचुंबक फिरवा. चुंबकाबरोबर जे हलतं ते लोखंड, म्हणजे लोब, टॅपेट किंवा गिअरचं. चमचम करणारे पण न हलणारे कण बुशाचे किंवा बेअरिंगचे. एवढी एक चाचणी अर्धं निदान करून देते.

बुश बदलायचे तर सगळा संच बदला. आणि नव्या बुशात जुना जर्नल घालण्याआधी जर्नलचं माप मर्यादेत आहे का ते बघा. नसेल तर जर्नल अंडरसाईज ग्राइंड करून त्या मापाचे बुश घ्यावे लागतील. ते मिळतात का, याची चौकशी ग्राइंडिंगच्या आधी करायची असते.

काही जुन्या ब्लॉकांत फक्त पुढे बुश असतो आणि बाकीचे जर्नल थेट बिडाच्या भोकात फिरतात. तशा इंजिनात भोकंच झिजली असतील तर ब्लॉक लाईन बोअर करून (सगळी भोकं एका रेषेत मोठी करून) त्यात बुश बसवतात. काम मोठं आहे, पण ब्लॉक वाचतो.

प्रश्न: जुन्या पेट्रोल गाडीचं पुशरॉडचं इंजिन. एका सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा टॅपेट क्लिअरन्स दर थोड्या दिवसांनी वाढतो. मी तो परत बसवतो, आवाज जातो, पुन्हा येतो. मध्येच कार्बोरेटरमधून फटफट आवाज येतो. कॉम्प्रेशन मात्र चांगलं आहे. फिलर गेजनं क्लिअरन्स बरोबर लागतो, म्हणजे कॅम ठीक असणार ना? — जुन्या गाड्यांचा एक वेडा

उत्तर: नाही. हा गैरसमज इतका पसरलाय की त्यावर सविस्तरच लिहितो.

फिलर गेज (फट मोजायची पट्टी) आपण टॅपेट लोबच्या पाठीवर, म्हणजे गोल बाजूवर असताना घालतो. लोबचं टोक त्या वेळी भलतीकडे असतं. टोक दीड मिलिमीटर घासून सपाट झालं तरी पाठ जागेवरच असते आणि गेज बरोबर लागतं. क्लिअरन्स वाढतोय तो दुसऱ्या कशामुळे तरी: टॅपेटचा तळ, पुशरॉडचं (टॅपेटची हालचाल वर नेणाऱ्या सळीचं) टोक किंवा रॉकरची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफेची) टीप खाल्ली जातेय. आणि टॅपेटचा तळ खाल्ला जात असेल तर त्याच्या समोरचा लोब धडधाकट असणं जवळजवळ अशक्य.

कार्बोरेटरमधल्या फटफटीवरूनही तेच दिसतं. एक्झॉस्ट लोब सपाट झाला की जळलेला वायू पुरता बाहेर जात नाही. इनलेट उघडला की तो उरलेला गरम वायू उलटा इनटेकमध्ये शिरतो. लोक कार्बोरेटर साफ करतात, इग्निशनचं टायमिंग हलवतात, आणि दोष मात्र एक्झॉस्टच्या कॅमवर असतो.

खात्री करायला इंजिन उघडायची गरज नाही. प्लग काढा, रॉकर सोडवून बाजूला घ्या, पुशरॉडच्या डोक्यावर डायल गेज टेकवा. गेजचा दांडा पुशरॉडच्या रेषेत हवा, तिरका असेल तर आकडा खोटा येतो. पुशरॉड सर्वांत खाली असताना काटा शून्यावर घ्या, क्रँक हळूहळू पूर्ण दोन फेरे फिरवा आणि सर्वांत मोठा आकडा लिहा. सगळे इनलेट आपसात आणि सगळे एक्झॉस्ट आपसात ताडा, दोघांची लिफ्ट (उचल) वेगळी असू शकते. समजा बाकी एक्झॉस्ट ६.६० देतात आणि तुमचा ५.१०. लोबवर दीड मिलिमीटर गेला. रॉकरचं प्रमाण (पुशरॉडच्या उचलीच्या किती पट व्हॉल्व्ह उघडतो ते) १.५ असेल तर व्हॉल्व्ह २.२५ मिलिमीटर कमी उघडतोय. हायड्रॉलिक टॅपेटच्या इंजिनात टॅपेट दबत असल्यामुळे हे माप फसवतं. तिथं तपासणीपुरता भरीव टॅपेट घालतात.

आता टॅपेट बाहेर काढा, पण प्रत्येकाला नंबर घालून. दोन टॅपेटचे तळ एकमेकांवर टेकवून उजेडाकडे धरा. टॅपेटचा तळ सपाट दिसत असला तरी बहुतेक इंजिनांत त्याला अगदी किंचित फुगवटा दिलेला असतो, त्यामुळे चांगले दोन टॅपेट एकमेकांवर थोडे डुलतात आणि कडेनं उजेड दिसतो. खाल्लेल्या टॅपेटचा तळ खोलगट झालेला असतो. तो डुलत नाही, कडा टेकते आणि मध्ये पोकळी राहते.

हा फुगवटा उगाच नसतो. लोबही अगदी थोडा, काही शतांश मिलिमीटर, उतरता घासलेला असतो, आणि टॅपेट लोबच्या मध्यावर नसून जरा बाजूला असतो. तिन्ही मिळून टॅपेटला प्रत्येक वेळी थोडं गोल फिरवतात. फिरणारा टॅपेट घासण्याचा भार सगळ्या तळावर वाटतो. भोकात गोंद धरून अडकलेला टॅपेट एकाच रेषेत घासत राहतो, आणि लोब थोड्या दिवसांत गोल होतो. तुमच्याकडे एकच लोब गेलाय, बाकी ठीक आहेत, म्हणून माझा पहिला संशय यावर. त्या टॅपेटचं भोक साफ करून बघा. ऑईल लावलेला टॅपेट स्वतःच्या वजनानं हळूहळू खाली उतरला पाहिजे आणि बोटांनी सहज फिरला पाहिजे. भोकात चरा असेल तर तो काढल्याशिवाय नवीन कॅम घालू नका. नंतर इंजिन जोडलं की पुशरॉडवर रंगाचा ठिपका लावून आयडलला बघा. ठिपका सावकाश फिरताना दिसला पाहिजे.

दुसरा संशयित व्हॉल्व्हची स्प्रिंग. कुणी जास्त ताकदीची बसवली असेल किंवा स्प्रिंग पूर्ण दबून तिचे वेढे एकमेकांना भिडत असतील, तर लोबच्या टोकाला तो दाब सोसत नाही.

रीग्राइंड करावा की नवा घ्यावा? रीग्राइंड होतो, पण टोकाची उंची गेली म्हणून पाठ घासून लिफ्ट परत आणायची असते. म्हणजे लोब एकूण लहान होतो आणि टॅपेट तेवढा खाली जातो. ॲडजस्टिंग स्क्रूला तेवढी जागा उरते का ते बघा, नाहीतर लांब पुशरॉड लागतील. वरचा कडक थर फार जाड नसतो. खड्डे खोल असतील तर ग्राइंडिंगमध्ये तो संपतो, आणि खालचा मऊ धातू टॅपेटसमोर टिकत नाही. ग्राइंडिंगनंतर कडकपणा तपासून देणाऱ्याकडेच काम द्या. दीड मिलिमीटर गेलेला लोब मी तरी रीग्राइंडला पाठवणार नाही.

टॅपेट मात्र सगळे नवे. जुना टॅपेट नव्या कॅमवर चालवायचा नाही, यात तडजोड नाही. रॉकरची टीप आणि पुशरॉडची टोकंही त्याच वेळी बघून घ्या.

पहिला स्टार्ट हाच नव्या कॅमचा कसोटीचा क्षण. लोबवर आणि टॅपेटच्या तळाला मॉलिब्डेनमची असेंब्ली पेस्ट, जर्नलला ऑईल. पेट्रोल, टायमिंग, पाणी सगळं आधीच तयार ठेवा म्हणजे स्टार्टर दळत बसावं लागत नाही. इंजिन लागलं की लगेच २००० च्या आसपास आरपीएमवर न्या आणि थोडं वरखाली करत वीसेक मिनिटं ठेवा. आयडलला सोडू नका. या लोबना ऑईल मिळतं ते मुख्यतः क्रँकनं उडवलेलं, आणि आयडलला ते कमी उडतं. शिवाय कमी वेगात स्प्रिंगचा पूर्ण दाब लोबच्या टोकावर येतो. वेग वाढला की टॅपेट आणि व्हॉल्व्हच्या जडत्वामुळे टोकावरचा दाब काहीसा हलका होतो. आयडलचा मिक्श्चर स्क्रू लावायची घाई नंतर करा.

ऑईलबद्दल एकच. नव्या गाड्यांच्या ऑईलमध्ये जस्त-फॉस्फरसचं झीजरोधक द्रव्य कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपण्यासाठी कमी केलेलं असतं. रोलर टॅपेटला ते चालतं. तुमच्यासारख्या सपाट टॅपेटच्या जुन्या इंजिनाला ते द्रव्य पुरेसं असलेलं ऑईल घ्या.

प्रश्न: काका, मी वर्कशॉपमध्ये नवीन आहे. नवीन बुश ठोकल्यावर कॅम आत जातो पण हातानं फिरत नाही. मोठे मिस्त्री म्हणाले एमरी पेपरनं बुश घास. घासू का? — शिकाऊ फिटर

उत्तर: नको रे बाबा. बुशाच्या आतला पांढरा धातू, म्हणजे बॅबिट, मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. १८३९ मध्ये आयझॅक बॅबिट यानं त्याचं पेटंट घेतलं, आणि त्याचं तत्त्व अजून बदललेलं नाही: बारीक कचरा आला तर तो धातू स्वतःत रुतवून घेतो आणि शाफ्ट वाचवतो. एमरीचे कणही तो तितक्याच प्रेमानं रुतवून घेईल. मग तुझा बुशच पॉलिश पेपर होऊन जर्नलला घासत बसेल. धुऊन ते कण निघत नाहीत.

आधी कॅम सरळ आहे का बघ. दोन टोकांचे जर्नल व्ही-ब्लॉकवर ठेव, मधल्या जर्नलवर डायल गेज लाव आणि शाफ्ट हातानं फिरव. काटा जितका हलला त्याच्या निम्मा वाक. बऱ्याच मॅन्युअलमध्ये काट्याची मर्यादा ०.०३ ते ०.०५ मिलिमीटरच्या आसपास दिलेली असते. काटा बघताना जर्नल स्वतः गोल आहे ना, तेही मायक्रोमीटरनं बघून घे, नाहीतर अंडाकृती जर्नल वाकल्यासारखा दिसेल.

कॅम सरळ निघाला तर कुठला बुश धरतोय ते शोध. शाफ्ट एक-एक बुशात सरकवत ने आणि प्रत्येक टप्प्यावर फिरवून बघ. सापडला की जर्नलवर निळ्या शाईचा अगदी पातळ हात दे, शाफ्ट घालून एक-दोन वेळा फिरव, काढ. बुशावर जिथं रंग उठलाय किंवा जागा चमकतेय तिथंच तो धरतो. ती जागा बेअरिंग स्क्रेपरनं हलक्या हातानं, काजळाइतकी खरवड. परत शाई, परत बघ. कंटाळवाणं काम आहे, आणि शिकायला याच्यासारखं दुसरं नाही.

बुशाच्या कडेला ठोकताना मिशी (धातूची बारीक धार) उठलेली असेल तर ती आधी काढ. आणि तू ‘ठोकल्यावर’ लिहिलंयस. बुश हातोडीनं थेट ठोकला असेल तर तो तिरका गेला असेल किंवा कड दबली असेल. तसं असेल तर खरवडत बसू नको, बुश काढ आणि नवा ओढून बसव. कसा ते खालच्या उत्तरात वाच.

एक राहिलं: काही बुश तयार मापाचे येतात, काही मुद्दाम लहान असतात आणि बसवल्यावर एका रेषेत रीम किंवा बोअर करायचे असतात. डब्यावर काय लिहिलंय ते मिस्त्रींना विचारण्याआधी तू वाच.

प्रश्न: आमच्या होडीच्या डिझेल इंजिनाला फिटरनं कॅमचे नवीन बुश बसवले. ऑईल प्रेशर पूर्वीपेक्षा जास्त दिसतं म्हणून आनंदात होतो. पण रॉकर कव्हर काढलं तर वर सगळं कोरडं. रॉकर शाफ्ट निळसर पडलाय. फिटर म्हणतो वरचं भोक कचऱ्यानं बंद असेल. — होडी स्वतः चालवणारी एक वाचक

उत्तर: ताई, इंजिन आता सुरू करू नका. निळा रंग म्हणजे शाफ्ट कोरडा तापलाय.

कचऱ्यानं भोक बंद होतं, पण बुश बदलल्याबरोबर वरचं ऑईल बंद झालं असेल तर माझा पहिला संशय बुशाच्या भोकावर. अशा बऱ्याच इंजिनांत रॉकरकडे जाणारं ऑईल कॅमच्या एका जर्नलमधून जातं. जर्नलला आडवं भोक किंवा खाच असते. ती फिरताना बुशाच्या दोन भोकांसमोर आली की तेवढ्यापुरतं ऑईल वर ढकललं जातं. बुशाला म्हणून दोन भोकं असतात, एक ऑईल येण्याचं आणि एक जाण्याचं. येण्याचं भोक नीट लागलं आणि जाण्याचं चुकलं तर बुशाला ऑईल मिळतं, वर जात नाही, आणि वरची वाट बंद झाल्यामुळे गेजवर प्रेशर वाढलेलं दिसतं.

तपासायला रॉकर शाफ्ट काढा. ब्लॉकच्या किंवा हेडच्या ज्या भोकातून ऑईल वर येतं त्यात बारीक तार घाला आणि ती किती खोल जाते ते बघा. मग त्यात हवा मारा आणि कुणाला तरी क्रँक हातानं दोन पूर्ण फेरे फिरवायला सांगा. कॅमच्या एका फेऱ्यात कुठंतरी हवा सुटल्याचा फुस्स आवाज आला पाहिजे. कुठंच आला नाही तर वाट बंद आहे. हेड गॅस्केट उलटी लागून हे भोक झाकलं गेल्याचंही मी पाहिलंय, तेव्हा हेड उतरलं होतं का ते फिटरला विचारा. दोन्हींचा निकाल लागल्यावर मगच कचऱ्याचा विचार.

बुशच चुकला असेल तर ‘आतूनच ड्रिल मारून भोक पाडतो’ म्हणणाऱ्याला नको म्हणा. ड्रिलची भुकटी सरळ गॅलरीत जाते, आणि अर्धं झाकलेलं भोक ड्रिलला एका बाजूला ओढतं. बुश काढायचा, नवा बसवायचा. एकदा काढलेला बुश परत वापरायचा नाही, बाहेरून त्याची पकड गेलेली असते.

बसवताना फिटरकडून हे करून घ्या. मागच्या टोकाचा वेल्च प्लग (ब्लॉकच्या भोकाचं पत्र्याचं झाकण) काढलेला हवा, नाहीतर शेवटचा बुश सरळ बसत नाही. ब्लॉकच्या भोकांच्या कडा साफ, मिशी नको. बुश सगळे सारखे दिसले तरी रुंदी, बाहेरचा व्यास आणि भोकांची जागा वेगळी असू शकते. बऱ्याच इंजिनांत पुढून मागे भोकं लहान होत जातात. म्हणून आधी सगळे बुश ओळीनं मांडून, मापून, कुठला कुठं ते ठरवायचं. मग ब्लॉकवर ऑईलच्या भोकाच्या रेषेत मार्करची रेघ, बुशाच्या कडेवर त्याच्या भोकाच्या रेषेत रेघ, आणि दोन्ही रेघा जुळवून बुश पायरीच्या मँड्रेलवर (बुश आतून धरणाऱ्या गोल दांड्यावर) चढवायचा. मँड्रेल बुशात घट्ट बसणारा हवा आणि त्याची पायरी बुशाच्या कडेला टेकणारी. लांब बोल्टनं सावकाश आत ओढायचा, अर्ध्यावर थांबून तो गोल तर फिरला नाही ना ते रेघेवरून बघायचं. हातोडीनं काम लवकर होतं आणि भोक कुठं गेलं ते कळत नाही.

शेवटी प्रत्येक भोकातून योग्य जाडीची सळी सरळ आत गेली पाहिजे. भोकाच्या काठावर चंद्रकोरीएवढी कड आडवी आली तरी मी बुश परत काढायला सांगतो. नंतर गॅलरीचे प्लग काढून ब्रशनं घासून धुणं, वेल्च प्लग नवा.

रॉकर शाफ्ट आणि रॉकरचे बुश आता तपासावेच लागतील. त्यांच्याबरोबर पुशरॉडची वरची टोकंही कोरडी चालली आहेत, तीही बघा.

प्रश्न: ओव्हरहेड कॅमच्या (कॅम वर हेडमध्येच असलेल्या) इंजिनाचं हेड उघडलं. कॅमला वरून धरणाऱ्या कॅप पुसताना आपसात मिसळल्या. आता बोल्ट कसले की शाफ्ट जाम होतो. बुशच नाहीत, मग काय बदलू?

उत्तर: अजून काही बदलू नका, आणि परत कसूही नका. कसलेल्या चुकीच्या कॅपसकट शाफ्ट जोरानं फिरवला तर हेड जाईल.

या हेडमध्ये बहुतेकदा वेगळा बुश नसतो, जर्नल थेट ॲल्युमिनियममध्ये फिरतो. कॅप हेडवर कसून मग सगळी भोकं एकदम बोअर केलेली असतात. त्यामुळे प्रत्येक कॅपचा जोडीदार ठरलेला असतो आणि दिशाही. आधी कॅपवर नंबर आणि बाण शोधा, कार्बनखाली लपलेले असतात. नसतील तर जोडाच्या दोन्ही बाजूंना बोअरिंगच्या आणि घासल्याच्या बारीक रेषा भिंगातून बघा. खरी जोडी लागली की रेषा कॅपवरून हेडवर सरळ पुढे जातात.

जोड्या लागल्यावर क्लिअरन्ससाठी प्लॅस्टिगेज (दाबला की चपटा होणारा मऊ प्लॅस्टिकचा धागा) वापरा. जर्नलवर तो धागा लांबीत ठेवायचा, कॅप पूर्ण टॉर्कनं कसायची, काढायची, आणि चपटा झालेला धागा पट्टीशी लावून वाचायचा. मध्ये शाफ्ट अजिबात फिरवायचा नाही. ॲल्युमिनियमवर नखाला न लागणाऱ्या रेघा चालतात. नख अडकलं किंवा माप मर्यादेबाहेर गेलं तर लाईन बोअर करणाऱ्याकडे हेड न्या. काही हेडना बुश घालून किंवा मोठ्या जर्नलचा कॅम घालून वाचवता येतं, काहींना नाही.

कॅप सोडताना आणि कसताना मॅन्युअलमधल्या क्रमानं, प्रत्येक बोल्ट थोडा थोडा. काही व्हॉल्व्ह दाबलेले असतातच. एका बाजूच्या कॅप पूर्ण सोडल्या तर स्प्रिंगा शाफ्टचं तेच टोक वर उचलतात, आणि बिडाचा कॅम वाकत नाही, मोडतो.

प्रश्न: कॅमच्या थ्रस्ट प्लेटवर (शाफ्टला पुढंमागं सरकू न देणाऱ्या पट्टीवर) गोल चरा पडलाय. चालेल का?

उत्तर: प्लेट उलटी करून बसवायची कल्पना असेल तर आधी दोन्ही बाजू सारख्या आहेत का आणि ऑईलची खाच कुठल्या बाजूला आहे ते बघा. एंड प्ले (शाफ्ट पुढंमागं किती सरकतो ते) मोजा: कॅम मागे ढकलून डायल गेज शून्यावर घ्या आणि शाफ्ट पुढे ओढा. ०.१ ते ०.२५ मिलिमीटरच्या दरम्यान बऱ्याच इंजिनांचं माप असतं. हेलिकल, म्हणजे तिरक्या दातांचा, गिअर शाफ्टला सतत एका बाजूला रेटत असतो, त्यामुळे प्लेटचा एकच चेहरा खाल्ला जातो. चरा नखाला लागत असेल तर प्लेट नवीन घ्या, आणि गिअरचा जो चेहरा तिला घासत होता तोही बघा. गिअर प्रेसनं काढावा लागला तर परत बसवताना तो तापवून सरकवा, खाच-चावी जुळवा आणि प्लेट मध्ये अडकून घट्ट झाली नाही ना, हे गिअर गार होण्याआधीच फिलर गेज घालून बघा. गार झाल्यावर तो हलत नाही.